अर्धा चुडा

माझा भाऊ दयानंद टीव्हीवर बोलतो. बोलणं हाच त्याचा धंदा. संध्याकाळच्या चर्चेत पडद्यावर सहा तोंडं दिसतात ना, एकमेकांवर ओरडणारी, त्यातलं वरच्या ओळीतलं डावीकडचं तोंड त्याचं. नावाखाली 'राजकीय विश्लेषक' असं येतं. तो म्हणतो, मी कुठल्याच पक्षाचा नाही. असेल बाबा. पण इतक्या वर्षांत त्याला एका पक्षाची एकही चूक दिसली नाही आणि दुसऱ्याचं एकही चांगलं काम दिसलं नाही. समोर बसणारे प्राध्यापकही तसलेच, फक्त उलट्या बाजूने. दोघं एकाच माळेचे मणी.

तरी मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू? उमरीसारख्या गावातून उठून मुंबईच्या स्टुडिओत जाऊन बसलेला आमचा दयाच एकटा. माझे मालक भुजंगराव यांचं खताचं दुकान आहे. भावाची चर्चा सुरू झाली की ते दुकानातल्या टीव्हीचा आवाज वाढवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "मेहुणा हाय आमचा." गिऱ्हाईक युरिया विसरून बघत उभं राहतं.

त्या दिवशी मी घरी माझ्या मुलीच्या, ऋतुजाच्या, लग्नाच्या साड्यांना फॉल लावत बसले होते. टीव्हीवर विषय होता जत्रेत कुणी दुकान लावावं आणि कुणी लावू नये. प्राध्यापक म्हणाले, मराठवाड्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या आधाराने राहत आले आहेत. दयानंद उसळलाच.

"मला मराठवाडा शिकवू नका. मी उमरीचा आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात चुडा भरायला आलेली बाई एका हातात बांगड्या भरून अर्ध्यातून उठून गेली. नाव सांगू? गौसिया. माझी बहीण एक हात रिकामा घेऊन रडत बसली होती. का? कारण आमचं मंगलकार्य यांच्या डोळ्यांत खुपतं. हा तुमचा आधार!"

प्राध्यापकांनी तरी विचारायचं ना, की बाबा, पुढे काय झालं? नाही. ते ओरडले, "तुम्हीच हाकलून दिलं असणार तिला!" म्हणजे एकाने अर्धं सांगितलं आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याने मनाने रचलं. ती बहीण मी. जिवंत आहे, उमरीत आहे, माझा नंबर भावाच्या मोबाईलमध्ये आहे. मला कुणी काही विचारलं नाही.

झालं होतं ते असं. गौसियाभाभी आमच्या ओसरीवर बसून माझा चुडा भरत होती. डावा हात भरून झाला आणि तिचे मालक नासिरभाई धावत आले. तिचे सासरे बसस्टँडवर कोसळले होते. भाभी तशीच उठली. सासरे काही वाचले नाहीत, संध्याकाळी त्यांचं दफन झालं. मी रडले, हे खरं. एक हात हिरवागार आणि एक मोकळा, अपशकुन झाला म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी उजाडताच भाभी दारात हजर. डोळे सुजलेले, आणि उंबऱ्याच्या आत येईना. आईला म्हणाली, "काकू, माझ्या घरात मयत झालीय. चालंल का तुमाला?" आई म्हणाली, "तुझ्या हातानं सुरू झालं, तुझ्याच हातानं पुरं होऊ दे."

भाभीने उजवा हात भरला. चुडा भरून झाला की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. मी वाकले तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या केसांवर पडलं. आणि त्यानंतर तिला चहाचा कप कुणी नेऊन दिला? दयानंदने. तो तेव्हा कॉलेजात होता, समजायला लागलेला होता. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

टीव्हीवरचं ते बोलणं कापून लोकांनी मोबाईलवर फिरवलं. गौसियाभाभीचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. लग्नसराईचे दिवस, पण बायका दुकानापाशी येऊन जरा रेंगाळायच्या आणि पुढे निघून जायच्या. अशात औशाहून व्याह्यांचा, उमाशंकररावांचा, फोन आला.

"विहीणबाई, ऋतुजाचा चुडा कोण भरणार हाय? न्हाई म्हणजे, आमच्याकडं लोक विचारून राहिले."

"जिनं माझा भरला तीच."

"ती तर अर्ध्यातून उठून गेलती म्हणं."

"पुरा भरला तिनं. माझा संसार तुम्ही बघूनच राहिलात की."

फोन ठेवला आणि तशीच दुकानात गेले. भाभी काउंटरमागे बसली होती, नासिरभाई बांगड्यांचे डबे पुसत होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते. मी काही बोलायच्या आत भाभी म्हणाली, "तुझ्या भावानं माझं नाव घेतलं, उज्वला. मग माझ्या सासऱ्याची मयत का न्हाई घेतली?"

मी म्हणाले, "तो तुझ्यासमोर येऊन चूक कबूल करंल. माझा शब्द हाय."

"टीव्हीवर मला काय नको. हितं येऊन बोलला तरी बास. पण तवर मी तुझ्या घरची पायरी चढणार न्हाई. ऋतुजाचा चुडा माझ्या हातानं व्हावा असं लई वाटतं गं. पण कुठल्या तोंडानं येऊ?"

ऋतुजा लहानपणापासून तिच्या दुकानात खेळली होती. चुडा चाचीच भरणार, नाहीतर मी भरणारच नाही, असं पोरीने घरात सांगून टाकलं होतं. मी घरी येऊन दयानंदला फोन लावला.

"ताई, चर्चेत वीस सेकंद मिळतात," तो म्हणाला.

"वीस सेकंदात एक मयत बसत न्हाई व्हय रे?"

"मी खोटं काय बोललो ते सांग. ती उठून गेली की नाही?"

"गेली."

"तू रडलीस की नाही?"

"रडले."

"मग?"

एकेक गोष्ट खरी आणि सगळं मिळून शुद्ध खोटं, हे कसं करायचं ते त्याला चांगलं जमत होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "दया, भाभीच्या घरी जाऊन माफी माग. न्हाईतर अंतरपाटाच्या वेळी ऋतुजाच्या मागं मामा म्हणून दुसरं कुणी उभं राहील."

सख्खा मामा असून मांडवात दुसऱ्याने उभं राहायचं, हे उमरीत कुणाला कळायचं राहिलं नसतं. टीव्हीवर कुणी काहीही म्हणो, गावात नाक कापून घ्यायची त्याची तयारी नव्हती. तो रविवारी आला.

मी त्याला भाभीच्या घरी घेऊन गेले. त्याने दारात बूट काढले, आत जाऊन सरळ तिच्या पायांवर वाकला. "भाभी, माझी चूक झाली. बोलण्याच्या भरात निसटलं. तुमच्या सासऱ्यांचं मला माहीत होतं." त्याचे डोळे भरून आले. मी मोबाईल काढून शूटिंग करत होते. नासिरभाई म्हणाले, "ये मोबाईल कशाला, बाई?" मी म्हणाले, "औशाच्या पाव्हण्यांना दाखवायला, नासिरभाई. म्हणजे बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतील."

भाभीने त्याला खांद्याला धरून उठवलं. "ऊठ बाबा, ऊठ. माझंच चुकलं. अर्ध्यातून उठून गेले मी. लगीनघर होतं, पोरीचा एक हात मोकळा सोडला. मलाच माफ करा तुमी."

आपल्याकडे असंच बोलतात. दारात आलेला माणूस चूक पदरात घेतो, तेव्हा घरच्याने अर्धी आपल्या अंगावर घ्यायची, म्हणजे त्याला मान खाली घालून परत जावं लागत नाही. हे पोराटोरांनाही कळतं. दयानंदलाही कळत होतं, तो काही परदेशातून आलेला नव्हता. मग चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, नासिरभाईसुद्धा थोडे हसले. निघताना भाभी म्हणाली, "चुड्याला येते गं मी." माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

गाडीत बसताना दयानंद म्हणाला, "ताई, तो व्हिडिओ मलाही पाठव. आठवण राहील." मी पाठवला. औशालाही पाठवला. उमाशंकररावांकडून हात जोडल्याचं चित्र आलं आणि विषय मिटला.

चुड्याच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. भाभी नवी साडी नेसून आली होती. ऋतुजाला समोर पाटावर बसवून तिने डावा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी अशी चढवली की पोरीने एकदाही 'आई गं' म्हटलं नाही. बायका थट्टा करत होत्या, गाणी म्हणत होत्या. डावा हात भरून झाला आणि भाभीने उजवा घेतला. तेवढ्यात भुजंगरावांनी टीव्ही लावला. दयानंदची लग्नाआधीची शेवटची चर्चा होती. ती आटोपून तो रात्रीच्या गाडीने निघणार होता आणि सकाळी नांदेडला उतरणार होता.

सूत्रसंचालक म्हणाली, "उमरीच्या त्या प्रसंगावर आज दयानंदजी पुरावा घेऊन आलेले आहेत."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, पोराने मनावर घेतलं, आता सगळ्या महाराष्ट्रासमोर खरं सांगतोय. मीच म्हणाले, "आवाज वाढवा हो जरा." भाभीनेही मान वर केली.

पडद्यावर भाभीचा चेहरा आला. "माझंच चुकलं. अर्ध्यातून उठून गेले मी. लगीनघर होतं, पोरीचा एक हात मोकळा सोडला. मलाच माफ करा तुमी." एवढंच. त्याचं वाकणं नाही, त्याचे भरलेले डोळे नाहीत, सासऱ्यांचा शब्द नाही. तेवढंच तीनदा दाखवलं.

"त्या बाईने स्वतः कबुली दिलेली आहे," दयानंद बोलत होता. "मला खोटारडा म्हणणाऱ्यांनी आता माफी मागावी." आणि प्राध्यापक ओरडत होते, "दमदाटी करून वदवून घेतलंय हे! त्या बाईच्या चेहऱ्यावर भीती दिसते आहे!"

भुजंगरावांना रिमोट सापडेना. शेवटी त्यांनी भिंतीवरचं बटणच बंद केलं. गाणी केव्हाच थांबली होती. ज्याला मी कडेवर घेऊन उमरीभर फिरवलं, ज्याच्या शाळेच्या डब्यासाठी पहाटे उठले, त्या भावाने मला विकून खाल्लं होतं, तेही मी प्रेमाने दिलेल्या गोष्टीने.

ऋतुजाचा उजवा हात अजून भाभीच्या हातात होता. त्यात दोनच बांगड्या चढल्या होत्या. मी कशीबशी म्हणाले, "भाभी, तू जा. तुला थांब म्हणायला मला तोंड न्हाई."

भाभीने पुढची बांगडी उचलली. "जाऊ? आता उठले तर त्याचंच खरं व्हईल."

आणि तिने हात भरला. घाई केली नाही, मध्ये थांबली नाही. ऋतुजा मुसमुसत होती, तिला म्हणाली, "हात ढिला सोड बेटा, लागंल." शेवटची बांगडी चढल्यावर ऋतुजा वाकली. भाभीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखात राहा," म्हणाली. मी खण-नारळाचं ताट पुढे केलं. तिने त्याला हात लावला नाही. डबे पिशवीत भरले आणि उठली.

मी सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाले, "अहो, सकाळी नांदेडला गाडी पाठवू नका. दयानंद ह्या मांडवात उभा ऱ्हाणार न्हाई." भुजंगरावांनी मान हलवली. मला वाटलं, एवढं ऐकून तरी भाभी थांबेल, माझा हात धरेल.

ती चपला घालता घालता वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्याला काय बोलू, उज्वला? त्यो टीव्हीचा झाला, त्याला सोड," ती म्हणाली. "पण नासिर म्हणत होते न, मोबाईल कशाला? मोबाईल तर तुझ्याच हातात होता."