चार दिवसांचं कुलूप

दुपारी होडी वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागली तेव्हा चुलतभाऊ तुळशीदास गुडघाभर पाण्यात उतरला. एरवी टिंगल करणाऱ्या त्या माणसानं हरेश्वरच्या हातातला दोर मुकाट्यानं घेतला.

"म्हावरा मी बघतो. तू घरी जा."

हरेश्वरला तिथंच कळलं.

त्याची बायको सगुणा खाटेवर होती. उजवा हात फळीच्या भिंतीकडं लांबलेला. पेला खाटेखाली पडला होता. भिंतीचा निळा रंग एका जागी उडून आतलं लाकूड दिसत होतं. तिथं ताजे खळगे होते. वीसेक तरी.

"सकाळी चाय पाजला तवा बोलत होती," शेजारची सखुबाई म्हणाली. "मी बाजारात गेले रे."

सगुणाचं डावं अंग दोन वर्षांपूर्वी लुळं पडलं होतं. फळीपलीकडच्या खोलीत साकीनाक्याच्या कारखान्यात काम करणारा लवू आणि त्याची बायको वनमाला भाड्यानं राहत. हरेश्वर दर्यावर असताना सगुणानं पेल्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं की वनमाला हातातलं टाकून यायची.

करार अकरा महिन्यांचा होता. दर महिन्याला पावती देऊन ठेवलेला भाडेकरू पुढं हलत नाही, ही गल्लीतल्या सगळ्या घरमालकांची धास्ती. म्हणून अकरा महिने भरले की भाडेकरूनं सामान बाहेर काढायचं, चार दिवस मालकाचं कुलूप लागायचं, मग त्याच माणसांशी नवा कागद. सलग राहिलो असं त्यांना म्हणता येऊ नये.

यंदा लवू म्हणाला होता, "काका, ह्या येळेक आमका ऱ्हवांदे. काकींका कोण बघतलो?"

"चार दिवसांचा तर सवाल हाय. कुलूप दिसला पायजे."

खाटेवरून सगुणा म्हणाली होती, "मना पाणी तुमची खोली देल काय?"

हरेश्वर हसला होता.

कुलूप लागल्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. चारकोपला भावाकडं गेलेली वनमाला निरोप मिळताच आली. भिंतीपाशी उभी राहिली, एका खळग्यात बोट घातलं, आणि परत गेली.

तेरावा झाल्यावर दलाल नंदकिशोर नवा कागद घेऊन आला.

"लवू नको तर दुसरं गिऱ्हाईक आहे. अकरा महिने."

"अकरा महिने नाय. लवूलाच देणार. महिन्यावर, पावती फाडून."

"वाट लागेल तुझी. मुरतील ते घरात."

"मुरू दे."

नंदकिशोर कागद घडी करत उठला. "बायको गेली, डोकं पण गेलं," असं तो दारातून म्हणाला.

आता भर दुपारी जाळं विणताना त्याला ठोकल्याचा आवाज येतो. दोनदा. तो उठून पलीकडं जातो. खोली उघडीच असते, कुलूप त्यानं सगुणा गेली त्याच दिवशी काढलं. आत कुणी नसतं. वनमालानं उंबऱ्यावर काढलेली रांगोळी पुसट झाली आहे.

गल्लीत आज आणखी दोन दारांना तसंच कुलूप आहे. त्या घरमालकांशी हरेश्वर अजून बोललेला नाही. आणि चारकोपला जाऊन वनमालाला, "कुलूप मी लावलं, चूक माझी, परत या," हे सांगायचं अजून राहिलं आहे.