आड्यावरचा गठ्ठा

देवळीच्या बाजारात माहं दुकान म्हणजे एक पोतं, एक तराजू न चार वांगे. बाजूले मनकर्णाबाई बसे, पळसाच्या पत्रावळी घेऊन. बुढीनं सत्तरी कधीचीच पार केलती. लोकं तिच्या अंगावरून जात, पाय लागला तरी वळून पाहत नव्हते. पण घरी लग्न निघालं का कोणी मेलं का मंग बरोबर आठवे तिची. मले लय राग ये. आयतं जेवाले बसणाऱ्याईले काय माहीत, पानं तोडून आणा लागते, भिजवा लागते, काडी टोचता टोचता बोटं फुटते.

तिचा पोरगा चंद्रभान पुलगावच्या मिलमध्ये होता. पोरगा वाईट नव्हता, खोटं काऊन बोलू. दर दिवाळीले म्हणे, "माय, चाल आता माह्यासंग." बुढी म्हणे, "हात चालते तवरिक राहू दे मले अथीच."

एकदा तिच्या घरी पाणी प्याले गेली त छपराच्या आड्याले लुगड्याच्या धडप्यात बांधलेला गठ्ठा लटकत होता. मी म्हटलं, "लग्नसराई आली न बाई, हा काऊन इकत नाई?"

"तो माह्या तेरवीचा व्हय," ते म्हणे. "जलमभर माह्या कमाईचं खाल्लं. माह्या नावाचं शेवटचं जेवणबी लोकाईनं माह्याच पानावर जेवावं. तूप-पोळीचं पोरगा पाहीन."

गठ्ठा सोडून तिनं दाखवला. हरेक पत्रावळीत मधलं पान उलटं लावलं होतं, तेरवीची खूण म्हणून, आपल्याच मनानं. "असं अभद्र बोलू नोको," मी म्हटलं. ते हासली न म्हणे, "कोणाले सांगू नोको मंग."

माघात चंद्रभानच्या पोरीचं, नलूचं, लग्न निघालं. लग्न देवळीलेच. बुढीनं महिनाभर बसून पत्रावळी शिवल्या. पण वऱ्हाड आलं धो धो, पत्रावळी कमी पडल्या. चंद्रभान धावत घरी गेला न आड्यावरचा गठ्ठाच घेऊन आला. सगळ्या मांडवाले दाखवत फिरे, डोळे भरून आलते त्याचे. "पाहा, मायनं नातीसाठी लपवून ठेवलं होतं. मलेबी सांगतलं नाई."

मी पंगतीत बसली होती. समोर पत्रावळ आली त मधलं पान उलटं. मान वर केली त बुंदीचं टोपलं घेऊन मनकर्णाबाई उभी, तोंड काळं पडलेलं. पलीकडे हळदीच्या अंगानं नलू नवऱ्याच्या बाजूले बसली होती. तिच्यासमोरबी तेच उलटं पान.

मी हात मागं घेतला. बुढी वाकली न माह्या कानात म्हणे, "जेव, देवका. पोरीचं शुभकार्य हाय. तोंड उघडशीन त माही आण हाय तुले." तिनं बुंदी वाढली. नलूलेबी वाढली. मंग पंगत सरेपर्यंत वाढत गेली.

त्या दिवसापासून बुढी खचली. बाजारात रिकामी येऊन बसे. पळसाले तवा नुसतं फूल असते, सारं रान लाल होते न शिवाले एक पान भेटत नाई. पुलगावहून नाईतं नलूच्या सासरहून कोणी आलं का एकच इचारे, "आमची नलू बरी हाय न?" बरी हाय म्हटलं तरी तिचा इश्वास बसत नव्हता. "नवं पान फुटू दे," मले म्हणे, "पुन्हा शिवीन." नवं पान फुटाच्या आधीच ते गेली.

तेरवीले चंद्रभाननं वर्ध्यावरून कागदाच्या प्लेटी आणल्या. कढी वाढली का प्लेट भिजे न खालून गळे. तो माह्यासमोर उकिडवा बसला न रडाले लागला. "देवकामावशी, जलमभर मायनं गावाले पानं पुरवले. तिच्या तेरवीले एक पत्रावळ नाई मिळाली मले."

नलू त्याच्या मागं उभी होती, हातात हिरव्या बांगड्या. तिच्याकडे पाहून मी गळक्या प्लेटीखाली हात धरला न जेवत राह्यली. मनकर्णाबाईची तेरवी त आमी माघातच जेवलो होतो. तिनंच वाढली होती.