जबड्यातला खडा

कुशाबाला भाकरी कुस्करायची सवय होती. त्याच्या आईला, तुळजाबाईला, एकही दात उरला नव्हता. घरात दोघंच. रोज संध्याकाळी तो भाकरी दुधात बारीक करून तिच्यापुढं ठेवायचा.

दिवसा तो पौडजवळच्या एका शेडमध्ये दगड बारीक करायचा. धरणासाठी कुठला दगड टिकेल ते तिथं तपासत. इंजिनावर चालणारं छोटंसं यंत्र, आत दोन पोलादी पाट्या. वरून दगड टाकला की खाली खडी पडायची. सगळे त्याला जबडाच म्हणत. म्हातारी एकदा भाकरी द्यायला आली आणि बघून हसली. "मेल्याला दात हायेत, अन् मला न्हाईत!"

साठ सालच्या थंडीत ती गेली.

चितेजवळचा खडा उचलतात, तो जीवखडा. दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव त्यात असतो असं आम्ही मानतो. कुणाला हसायचं तर हसू दे. रिकाम्या घरात कुत्री शिरायची, म्हणून कुशाबानं तो आईच्या लुगड्याच्या चिंधीत बांधून कामावर नेला आणि खुंटीला टांगला. सुतकात कामावर कसा गेला, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातंय! रोजंदारी त्याची होती.

नवव्या दिवशी साहेब येणार म्हणून त्याच्या जोडीला कामाला असलेल्या भिकूनं शेड आवरली. भिकू कामाला वाघ, पण दोन शब्द विचारून घेईल तर शपथ. नमुन्याचे दगड गावोगावहून फडक्यांत बांधूनच यायचे. त्यानं सगळ्यांबरोबर खुंटीवरचीही गाठ सोडली. कुशाबानं आल्या आल्या त्यानं भरून ठेवलेलं घमेलं जबड्यात ओतलं. कडकड झाली, रोजच्यासारखीच. मग हात पुसायला त्यानं एक चिंधी उचलली आणि लुगड्याचा काठ ओळखला.

"भिक्या, ह्यातला खडा कुटं हाय?"

"घमेल्यात टाकला की. का रं?"

कुशाबानं इंजिन बंद केलं. ब्रशनं जबडा झाडला, फटीतली भुकटी नखानं काढली, खालची सगळी खडी चिंधीत भरली. त्यात डोंगर कुठला आणि आई कुठली, ते निवडता येईना. भिकू कोपऱ्यात रडत होता. त्याला शिव्या घालायचंही बळ कुशाबात उरलं नव्हतं.

दहाव्याला मुळा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावरून हलेनात.

"म्हातारीचं काय ऱ्हायलंय, सांग बाबा," भावकीतले नथूकाका म्हणाले. कुशाबानं झालेलं सांगितलं. दुसरा खडा घे, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरोघर गेली.

कुशाबा एकटाच पाण्यात उतरला. मूठ मूठ करत सगळी खडी त्यानं नदीत सोडली. मग काठावर बसून पिंडाजवळची भाकरी कुस्करू लागला, बारीक, आणखी बारीक. कावळे तसेच बसून होते.

"ये गं आई," तो म्हणाला. "आता चावायचं काईच ऱ्हायलं न्हाई. समदं बारीक केलंय म्या."