ज्याचा त्याचा नारळ

लिंबागणेशच्या अलीकडं एका वस्तीवर सकाळपासून जत्रा भरली होती. बोअरची जागा दाखवायला आलेले, विजयसिंहदादांच्या वाड्यावर उतरलेले पाणाड्या महाराज तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातून चालले होते आणि मागं अख्खी वस्ती, अनवाणी. दादांच्याच बांधावर पाऊल पडलं अन् नारळ ताडकन उभा राहिला. लोकांनी जागीच हात जोडले.

"खाली पाताळगंगा हाय. नारळाला लबाडी येत न्हाई," महाराज म्हणाले.

गर्दीतल्या वनमालानं मनात हिशेब मांडला. वस्तीच्या वर्गणीत एकच बोअर बसत होता. तो कोरडा गेला, की दिवाळीनंतर पुन्हा ऊसतोड आणि पोरीची शाळा बंद. लागला, तरी दादांच्या बांधावरचं पाणी दादांचंच.

"महाराज, आमी धरून बगू का नारळ?" तिनं विचारलं.

"धरा की. पर पुण्यवंताच्याच हातात उठतो."

झालं! पुण्यवंत व्हायला कोणाला नको असतं? घराघरातले नारळ बाहेर आले आणि काय सांगावं, सगळेच उठले. उत्तरेश्वरचा त्याच्या गोठ्यात, भिवराबाईचा न्हाणीत, एकाचा तर खाटेखाली. दुसऱ्याच्या रानात मात्र एकाही मेल्या नारळानं मान वर केली नाही.

"समद्यांच्याच दारात गंगा, मग टँकरची वाट कावून बगतो आपण?" वनमाला म्हणाली. "महाराज, पाणी नारळाला कळतं ना? मग तुमच्या डोळ्यांचं काय काम?"

तिनं महाराजांच्याच उपरण्यानं त्यांचे डोळे बांधले. एकच वाट तीनदा चालवली. नारळ तीन निराळ्या जागी उठला, आणि पाणी असलेल्या आडाला खेटून नेलं तेव्हा निवांत पडून राहिला.

यात जादू कसली? आडवा नारळ तळहातावर नुसता तोललेला असतो. बोटं जराशी कलली की उठतो. मन जिथं पाणी मागतं, तिथं बोटं आपसूक कलतात. महाराजांची दादांच्या पाहुणचाराकडं कलली होती.

दादा उखडले. "मग पाणी कुठंय, तूच सांग."

"मला काय ठाव? भूजल खात्याच्या सायबाला बोलवून जमीन तपासू. पर खालचं पाणी बांध बगून थांबत न्हाई, दादा. तुमी उपसलं की आमचा आड आटतो. आदी ओढ्यात चर खणून पाणी मुरवू, मग गावठाणात साऱ्यांचा मिळून बोअर घेऊ."

वस्तीला ते पटलं आणि वर्गणी शाबूत राहिली. यंदा वनमाला ऊसतोडीला जाते की पोरीजवळ राहते, ते वस्ती किती पाणी मुरवते त्यावर आहे. तुमच्याकडंही कोणाला जमिनीखालचं दिसत असेल, तर बोअरचं मशीन बोलवायच्या आधी त्याचे डोळे बांधून बघा.