रामबाईचे गुडघे

ईसीजी नॉर्मल आला आणि इंदरलालने तो कागद गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारातून लॅमिनेट करून आणला. दवनीवाडा गावात ज्याला-त्याला दाखवायचा. "इंजन नवीन आहे," म्हणायचा आणि वर तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा. बाप पन्नाशीत छाती धरून गेला होता, याला स्वतःला सात वर्षांपासून साखर होती. पण कागदापुढे कोणाचं काही चालेना.

त्याच्या बायकोला, रामबाईला, चैन नव्हतं. धानाच्या शेतात निघालं की अर्ध्या वाटेत इंदरलालला धाप लागे, हात छातीवर जाई. थांबा म्हटलं तर हा गडी मुद्दाम दुप्पट वेगाने चालणार, हे तिला पुरतं ठाऊक. म्हणून तीच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसकण मारी. "गुडघे दुखून राहिले जी, बसा जराक." मग तोही कुरकुरत बसे.

शेवटी साखरेचं निमित्त काढून तिने त्याला गोंदियाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चालताना छाती दाटते? थांबावं लागतं?"

"मले कायले थांबा लागते? हिचे गुडघे गेले, हिच्यासाठी थांबतो मी," म्हणत इंदरलालने कागद पुढे सरकवला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. बाई साखरेच्या गोळ्या लिहू लागल्या. आपल्याच मायेने घोळ केला, हे रामबाईच्या ध्यानात आलं.

"माझे गुडघे चांगले आहेत मॅडम. यायले दम लागते, म्हणून मी बसत होती."

बाईंनी पेन ठेवला. "बाबा, हा ईसीजी झोपवून काढलेला. त्या घडीला ठीक होतं, एवढंच तो सांगतो. नस अरुंद असली तरी पडल्या-पडल्या नॉर्मल येऊ शकतो. आता माझ्यासमोर चालवून बघू."

बाहेर बाकावर बसून इंदरलालने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सहा महिने तुह्या गुडघ्याले तेल चोळून राहिलो मी."

"बरं वाटत होतं जी."

तो हसला. ती मात्र हसू शकली नाही.

यंत्राचा पट्टा फिरू लागला, छातीला तारा लावलेला इंदरलाल चालू लागला. तिसऱ्या मिनिटाला त्याने तिच्याकडे पाहिलं. रामबाईच्या ओठांवर "बसा जराक" आलं होतं, ते तिने गिळलं.

"थांबवा मॅडम," इंदरलाल म्हणाला. "छाती दाटून राहिली माझी."

जन्मात पहिल्यांदा तो स्वतःहून थांबला होता. रामबाई तिथेच, सगळ्यांसमोर, रडू लागली.