पहिल्या फिल्मशी ताडून

"पुन्हा तुमची फूटपट्टी?" डॉक्टरीणबाई वैतागल्या. "मागच्या वर्षी बावीस मिलिमीटर, यंदा चोवीस. एवढा फरक मोजण्यातही पडतो. 'बदल नाही' असं लिहिलंय मी."

मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला सगळा सी.टी. विभाग फूटपट्टीच म्हणे. माणूस हट्टी, आणि त्याची त्याला लाजही नव्हती. निवृत्तीआधी कपाट आवरताना याच पेशंटची पाच वर्षांपूर्वीची पहिली फिल्म त्याच्या हाती लागली होती. ती त्याने शेजारी लावली.

"मॅडम, आपण दरवेळी मागच्याशी ताडतो. आज पहिल्याशी ताडून बघा."

स्वादुपिंडाच्या शेपटाकडची ती पाण्याची गाठ तेव्हा चौदाची होती. दरवर्षी दोन-दोनने वाढली, आणि दरवर्षी 'बदल नाही' लिहिलं गेलं. आता तर आतल्या भिंतीवर बारीकसा उंचवटा होता. पहिल्या फिल्ममध्ये त्याचा मागमूस नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्मा स्वतः मोजल्या. मग त्यांनी अहवाल फाडला आणि बाहेर बसलेल्या पेशंटला, शिवणवाल्या बाईंना, आत बोलावलं. काहीही न लपवता सगळं सांगितलं.

 या सगळ्या फिल्मा फूटपट्टीनेच काढल्या होत्या.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कळली चूक. पन्नास बाह्या कापायच्या तर प्रत्येक मूळ कागदावरून कापायची. कापलेल्या बाहीवरून पुढची कापत गेलं, की शेवटची गुडघ्यापर्यंत येते." मग आवाज जरा उतरला. "उशीर झालाय का?"

"गाठ अजून बिघडलेली दिसत नाही. आत्ता काढली तर बऱ्या व्हाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शेपटाकडचा भाग काढला, सोबत प्लीहाही गेली. तपासणीत निघालं, की गाठ कॅन्सरच्या वाटेवर होती, पोचली नव्हती. ते वाचून फूटपट्टीने चष्मा दोनदा पुसला.

दोन महिन्यांनी, त्याच्या शेवटच्या दिवशी, बाई टेप घेऊन हजर. निरोपाचा कोट त्याच शिवणार होत्या.

"कशाला त्रास? जुना कोट देतो, त्यावरून शिवा."

"मागच्यावरून? आणि हे तुम्ही सांगताय?"

तो हात बाजूला घेऊन ताठ उभा राहिला. छातीभोवती टेप आला तसा, पेशंटना 'श्वास रोखा' सांगायच्या तीस वर्षांच्या सवयीने, त्याने स्वतःच श्वास रोखला.

"रोखू नका," बाई म्हणाल्या, "माप चुकतं."

त्याने हळूहळू श्वास सोडला.