सरकारांवर दावा

मी मूळचा कोरेगावचा. बाविसाव्या वर्षी मानगिरी संस्थानात कारकून म्हणून लागलो आणि संस्थान विलीन होईपर्यंत तिथंच राहिलो. म्हसवडच्या दक्षिणेला उजाड माळावर विखुरलेली सतरा गावं, एवढंच ते राज्य. तरी त्याला राजा होता, दिवाण होता, बारा घोडेस्वार होते आणि दर सोमवारी भरणारा दरबार होता. दरबारात जे बोललं जाई ते लिहून घेणं हे माझं काम.

राजांना सगळी प्रजा 'सरकार' म्हणायची. साठीला टेकलेले, अंगानं जाड, शिकारीचा भारी नाद असलेले. कुणाच्या गोठ्यात कुठला बैल आहे हे त्यांना नावानिशी ठाऊक असायचं. ते कधी कुणावर रागावलेले मी पाहिले नाहीत. मात्र रुसायचे. एकदा रुसले की चार-चार दिवस जेवताना शब्द काढायचे नाहीत आणि आम्ही सगळे पाय न वाजवता चालायचो.

एकेचाळीसच्या दसऱ्याला त्यांनी भर दरबारात जाहीरनामा काढला. प्रत्येक गावानं आपले पाच पंच निवडावेत, गावातले तंटे गावच्या चावडीवरच मिटवावेत. शेवटी म्हणाले, की माझ्याविरुद्ध कुणाचा दावा असेल तर तोही तिथंच चालेल आणि मी हजर राहीन. लोकांनी दर दसऱ्याला वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. दिवाण नाथाजीराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ते शेवटचं वाक्य गाळा. सरकारांनी ते ऐकलं आणि माझ्याकडून तेच वाक्य पुन्हा, मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

मेंढेवाडी हे त्या सतरांतलं सगळ्यात लहान गाव. सगळी धनगरांची घरं. गावाला लागूनच सरकारांचं राखीव रान होतं. भोवती दगडी गडगा, एकच फाटक, फाटकावर राखणदार. आत बाभळी, कमरेएवढं गवत, काळविटं आणि रानडुकरं. मेंढेवाडीचा सरपंच झाला बिराप्पा. त्याच्याशिवाय दुसरं कोण होणार होतं? पंचवीस वर्षं तो सरकारांच्या शिकारीत हाकेवाल्यांचा म्होरक्या होता. एकदा जखमी डुक्कर सरकारांवर धावून आलं तेव्हा हा मधे उभा राहिला आणि मांडी फाडून घेतली. तेव्हापासून तो लंगडायचा. आणि तेव्हापासून सरकार मेंढेवाडीला गेले की वाड्यावरून आलेला डबा आम्हांला वाटून टाकायचे आणि स्वतः बिराप्पाच्या घरची भाकरी खायचे.

त्रेचाळीस साली पाऊस जेमतेम झाला. परतीच्या सरींवर रंगुबाईनं दोन एकर शाळू कसाबसा उभा केला होता. रंगुबाई विधवा बाई, साठेक मेंढरं राखून होती, आणि तिचं रान नेमकं गडग्याला लागून. कणसं भरत आली आणि डुकरांनी दोन दिवसांत सगळं आडवं केलं. बाहेर मेंढरांना चारा नाही, आत गवत वाळून उभं. ती चावडीवर गेली आणि सरकारांवर दावा लावला.

बिराप्पानं तिला तीनदा विचारलं, दुसऱ्या कुणाचं नाव घालूया का, राखणदाराचं घालूया का. ती म्हणाली, डुकरं राखणदाराची नाहीत. शेवटी शाळेच्या मास्तरांनी समन्स लिहिलं आणि ते घेऊन बिराप्पा अकरा मैल लंगडत सोमवारच्या दरबारात आला. कागद सरकारांच्या हातात द्यायचं त्याला धाडस झालं नाही. माझ्यासमोर ठेवला आणि मान वर न करता निघून गेला.

मी वाचून दाखवला. दिवाणांचा चेहरा लाल झाला. सरकारांनी पुन्हा एकदा वाचायला लावला, 'प्रतिवादी' या शब्दापाशी जरा हसले आणि गुरुवारी मोटार काढायला सांगितली.

मोटार ओढ्याच्या वाळूत रुतली. शेवटचा मैल आम्ही चालत गेलो. सरकार फेटा सावरत, धापा टाकत पुढं, दिवाण मागं आणि दप्तर काखेत मारून मी. चावडीपुढं सगळी मेंढेवाडी जमली होती. सरकार येताच सगळे उठले. बिराप्पाही पंचांच्या जागेवरून उठला, हात जोडले आणि सरकारांना आपली जागा दाखवू लागला.

तेव्हा रंगुबाई म्हणाली, "आवं सरपंच, तुमी हुबं ऱ्हायलासा तर न्याव कोन करनार? बसा खाली. सरकारबी बसत्याल."

बिराप्पा बसला. सरकारही गुडघ्यावर हात टेकून हळूहळू घोंगड्यावर बसले, तिच्यापासून हातभर अंतरावर.

सरकारांनी आपली बाजू चांगली मांडली. रान आजोबांनी राखलेलं आहे, गडगा मजबूत आहे, आणि डुक्कर काही गडगा ओलांडताना मला विचारत नाही. लोक हसले. सरकारांना बरं वाटलेलं दिसलं.

रंगुबाईनं एवढंच विचारलं, "सरकार, डुकरं कुनाची?"

"रानाची."

"मंग आमी मारली तर चालंल?"

मानगिरीत परवानगीवाचून डुक्कर मारलं तर सहा महिने कैद होती. तो नियम त्यांच्या वडिलांनी केलेला होता आणि तो आजही पाळला जात होता.

"मारायचं म्हटलं की डुकरं सरकारची," रंगुबाई म्हणाली. "पीक खाल्लं की रानाची. ह्यातलं काय ते एक ठरवा. मी बसती थांबून."

आता कुणी हसलं नाही. सरकारांनी दिवाणांकडं पाहिलं, दिवाण चावडीच्या आढ्याकडं पाहत होते. मग सरकार हळू आवाजात म्हणाले, "माझी." मी ते लिहून घेतलं.

पंच बिरोबाच्या देवळामागं जाऊन बोलून आले. बिराप्पानं जमिनीकडं बघत निकाल सांगितला. पुढचा पाऊस पडेपर्यंत मेंढेवाडीची मेंढरं राखीव रानात चरतील, आणि शेतात शिरलेलं डुक्कर शेताच्या मालकानं मारलं तर तो गुन्हा नाही. कागदावर अंगठा उठवताना त्यानं तो इतका वेळ दाबून धरला की मास्तरांनाच त्याचा हात उचलून घ्यावा लागला.

सरकार उठले, निकालाची नक्कल मागून घेतली आणि चालू लागले. बिराप्पाच्या घरी भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. त्याची बायको दारात उभी होती. सरकार तिच्या दारावरून तसेच पुढं गेले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा घडलं.

वाड्यावर चार दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. पाचव्या दिवशी दिवाणांनी दसऱ्याचा तो जाहीरनामा काढून दाखवला. पंचांच्या निकालावर तीस दिवसांत हुजुरांकडं अपील करता येतं, असं त्यात होतं.

"हुजूर म्हणजे मीच ना?" सरकारांनी विचारलं.

"होय सरकार."

सरकार इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. पण नको असंही म्हणाले नाहीत. मला अर्ज लिहून ठेवायला सांगितला. मी लिहिला. अर्जदार मानगिरीचे सरकार, आणि ज्यांच्याकडं अर्ज करायचा तेही मानगिरीचे सरकार. इतका विचित्र कागद मी नोकरीत दुसरा लिहिला नाही. तो अर्ज नऊ दिवस त्यांच्या मेजावर होता. रोज सकाळी ते तो वाचायचे, दौत उघडायचे, आणि सही न करताच मिटून ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "मी चूक होतो हे मला मान्य आहे. पण बिराप्पानं ते सांगावं?"

दहाव्या दिवशी ते म्हणाले, रानाकडं चक्कर मारून येऊ. आम्ही घोड्यांवरून गेलो. फाटकाला कुलूप तसंच होतं. बाहेर मेंढेवाडीची सगळी मेंढरं दाटीवाटीनं उभी, अंगावर हाडं दिसत होती. गडग्याच्या सावलीत तीन कोकरं मरून पडली होती. आणि फाटकाला पाठ लावून, काठी आडवी धरून बिराप्पा बसला होता. त्याच्यासमोर रंगुबाई.

सरकारांनी विचारलं, मेंढरं आत का नाहीत?

बिराप्पा उठून उभा राहिला. "अपिलाची मुदत हाय सरकार. तीस दिस. तवर निकाल लागू व्हत न्हाई. दिवानसायबांनी मानूस धाडून कळवलंय."

"मेंढरांस्नी मुदत कळत न्हाई, असं मी ह्यास्नी रोज सांगती," रंगुबाई म्हणाली. "ह्यास्नीबी कळत न्हाई."

"माझ्याविरुद्ध निकाल दिलास," सरकार बिराप्पाला म्हणाले, "आणि आता माझ्याच अपिलासाठी मेंढरं अडवून बसलास?"

"निकाल तुमच्याच कायद्यानं दिला. अपीलबी तुमच्याच कायद्यात हाय. एक पाळायचा आन् एक मोडायचा, हे मला न्हाई जमायचं."

त्याची स्वतःची वीस मेंढरं त्या गर्दीत होती. मेलेल्या तीन कोकरांतली दोन त्याची होती, हे मला नंतर कळलं.

सरकार घोड्यावरून उतरले. त्या कोकरांपाशी जाऊन उभे राहिले. मी नऊ दिवस तो अर्ज रोज समोर पाहत होतो, पण त्या अर्जामुळं इथं काय होत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही आलं नसावं. वाड्यावर तो एक कागद होता, एवढंच. त्यांनी राखणदाराकडून किल्ली मागून घेतली. पण त्यांना ते कुलूप उघडेना. शेवटी राखणदारानंच उघडलं. मेंढरं एकमेकांना ढकलत आत घुसली आणि गवत तुटण्याचा आवाज सगळ्या रानभर होऊ लागला.

सरकार गडग्यावर बसले. मला म्हणाले, गेल्यावर तो अर्ज फाडून टाक. मग बिराप्पाकडं न बघताच विचारलं, "भाकरी हाय का रं?"

सरकार कधी तसं बोलत नसत. बिराप्पानं कमरेची फडकी सोडली. शिळी भाकरी होती आणि मिरचीचा ठेचा. दोघं शेजारी बसून जेवले. रंगुबाई मेंढरांमागं आत गेली होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

पुढं पाऊस पडला, मेंढरं बाहेर आली. डुकरं मारण्यावरची बंदी मात्र सरकारांनी साऱ्या संस्थानातून उठवली. शिकारीचा नाद सुटला नाही, पण रान निम्मं मोकळं करून टाकलं.

अठ्ठेचाळीसच्या वसंतात दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांत मानगिरीही गेलं. सरकारांनी कुरकुर न करता सही केली. निशाण उतरवलं त्या दिवशी सतरा गावांची माणसं हार घेऊन आली. बरीचशी रडत होती, काही तरुण पोरं घोषणाही देत होती, आणि सरकार दोघांनाही हात जोडत होते. त्याच दिवशी नव्या मामलेदारांनी कळवलं, की संस्थानचे कायदे आता रद्द. पंचांना न्याय करायचा अधिकार नाही. दावा असेल त्यानं चाळीस मैलांवरच्या कोर्टात जावं.

रंगुबाई गर्दीतून पुढं आली. "राज गेलं ते बरं झालं," ती सरळ म्हणाली. "तुमाला वाईट वाटंल, पर बरं झालं. आमची चावडी का गेली?"

सरकारांनी हातातला हार खाली ठेवला. मग म्हणाले, "ती मी दिली होती ना, म्हणून माझ्याबरोबर गेली. तुम्ही मागून, भांडून घेतली असती तर ती तुमची झाली असती. दसऱ्याला आहेर वाटावा तशी वाटली मी. हे मला तेव्हा कळायला हवं होतं."

बिराप्पा मागं उभा होता. तो पटक्याच्या टोकानं डोळे पुसत राहिला.

मी कोरेगावला परत आलो. कचेरीत नोकरी मिळाली. एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर आमच्या भागात उतरले, आणि एका सकाळी तट्टावरून बिराप्पा माझ्या दारात हजर झाला. फार थकला होता. चहा घेतला आणि एकेक सांगू लागला.

चावडी चालूच होती. शिक्का नाही, अधिकार नाही. निकाल पटला नाही त्यानं खुशाल कोर्टात जावं, असं आधीच सांगून टाकायचे. अजून कुणी गेलं नव्हतं. सरकारांनी मानगिरीचा वाडा शाळेला देऊन टाकला होता आणि ते मेंढेवाडीच्या शिकारीच्या बंगल्यात राहायला आले होते. त्यामुळं गावकरी म्हणून पंचांच्या निवडीत त्यांनाही हात वर करायचा हक्क मिळाला. यंदा एका जागेसाठी रंगुबाई उभी होती, तिच्याविरुद्ध आकाराम नावाचा एक गडी. सरकार आले, सगळ्यांबरोबर उन्हात मांडी घालून बसले.

"हात वर केला?" मी विचारलं.

"केला की. आकारामासाठनं."

मी हसू लागलो. बिराप्पाही हसला. रंगुबाई तरी निवडून आलीच, आणि मग तिनं सरकारांना तोंडावर विचारलं, असं का केलंत? सरकार म्हणाले, तुझ्यामुळं माझ्यावर निकाल लागला, आता माझ्याकडं दुसरं काही राहिलं नाही, तेवढा रुसवा तरी राहू दे.

"मग ती काय म्हणाली?"

"ऱ्हाऊ द्या म्हनली. रोज ताक धाडती त्यास्नी. त्ये घेत्यात, पर अजून रुसल्यात."

एवढ्यात त्याचं लक्ष बाहेर गेलं. मेंढरं रस्ता सोडून शेजारच्या उसाकडं वळली होती. तो काठी शोधत उठला, आणि दारातूनच म्हणाला, की ह्या गावात त्याच्यावर दावा लागला तर सोडवायला ओळखीचा एकही पंच नाही.